बोडक्या पट्टीची माती

१ मे २०२५

आजच्या ग्रामसभेत पृथ्वीराज छाती पुढं काढून म्हणाला, "डोंगर येकदम स्वच्छ करून देतो. येक काटकी दिसली तर माझं नाव बदला." आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं तिथंच फिरलं.

वीस वर्षांपूर्वी मी फौजेतून पेन्शनीवर आलो तेव्हा हा डोंगर स्वच्छच होता. इतका स्वच्छ की शेळी वर चढायचा कंटाळा करायची. मग मी चराईबंदी लावली, कुऱ्हाडबंदी लावली. त्यासाठी निम्म्या गावाशी वैर घेतलं. आता वर धावडा आहे, खैर आहे, हिवर आहे, कडुनिंब तर मोजत नाही. जुन्या तोडलेल्या बुंध्यांना फुटवे आले आणि त्यांचंच रान झालं. आटपाडीचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात. आणि हा परवाचा पोरगा म्हणतो स्वच्छ करून देतो!

पृथ्वीराज पांढऱ्या कोळशाचा धंदा करतो. म्हणजे लाकूड, फांद्या, पाला, सगळं दळायचं, दाबायचं आणि त्याच्या कांड्या कारखान्यांच्या बॉयलरला पाठवायच्या. रान दाट झालंय, विरळणी करायला हवी, हे मलाही मान्य आहे. खोडं न्या. पण पाला आणि बारीक फांद्या डोंगरातच राहिल्या पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. तो म्हणतो, सगळं मिळणार असेल तरच मशीन चढवतो.

शेवटी सरपंच भाऊसो म्हणाला, "भांडू नगा. कॉलेजच्या मॅडमचा मातीचा अहवाल येऊ द्या. पाला नेल्यानं माती बिघडत आसंल तर फकस्त खोडं इकायची. बिघडत नसंल तर सगळं. पंधरा आगस्टला ठरवू."

ठीक आहे. अहवाल माझ्याच बाजूनं येणार. मी माती डोळ्यानं बघतोय.

४ मे

संयोगिता मॅडमचा फोन. ही आष्ट्याच्या बागायतदाराची लेक, कॉलेजात शिकवते, मला काका म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिनं वरच्या अंगाला दोन पट्ट्या आखल्या. दोन्हीतली झाडं मी उभं राहून तोडून घेतली. एका पट्टीतून फक्त खोडं बाहेर काढली, पाला-फांद्या तिथंच पसरून ठेवल्या. दुसरीतून सगळं उचललं, पान न पान. तिला आम्ही बोडकी पट्टी म्हणतो. आता दोन्हीकडची माती तपासून कार्बन किती राहिला, नायट्रोजन किती राहिला, ते बघायचं. मॅडमनं मला समजावलं होतं की झाडाचा नायट्रोजन जास्त करून पाल्यात, सालीत आणि कोवळ्या फांद्यांत असतो. मी माझ्या भाषेत लक्षात ठेवलं: खोड म्हणजे सामान, पाला म्हणजे रेशन. सामान हलवलं तर चालतं. रेशन उचलून नेलं तर पलटण उपाशी मरते, आणि बुंध्याला नवा फुटवा येतो तो त्याच उपाशी मातीतून येतो.

फोनवर मॅडम म्हणाली, "काका, पट्ट्या कशासाठी आहेत ते गावाला एकदा नीट समजावून सांगा ना." मी म्हटलं, बोर्ड लावलाय की. बोर्डावर मी स्वतः लिहिलंय: 'प्रवेश बंद. आदेशावरून.' गावाला एवढं पुरतं.

फोन ठेवला तर बायकोचे, साळूचे, प्रश्न सुरू. "आवं, मॅडम माती तपासणार म्हंजी नेमकं काय करणार?"

"तपासणी. फौजेत असते तशी. तिच्यावर डोंगराचं सगळं ठरणार."

"आन बोडक्या पट्टीची बी तपासणी?"

"तिचीच तर खरी. आता चहा टाक."

संध्याकाळी भाऊसो येऊन बसला, तेव्हा मी ब्रिगेडियर साहेबांच्या इन्स्पेक्शनचा किस्सा सांगितला. साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही रस्त्याकडेच्या दगडांना चुना मारायचो आणि वाळक्या हिरवळीवर हिरवा रंग शिंपडायचो. साळूनं हा किस्सा पन्नास वेळा ऐकलाय, तरी दारातून विचारलं, "मग पास व्हायचा का?" मी म्हटलं, दरवेळी पास.

११ मे

उद्या मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो महिनाभर धूळ नको, वाकायचं नाही, डोंगर तर नकोच. जसं काही डोंगर माझ्यासाठी महिनाभर थांबणार आहे.

म्हणून आज वर जाऊन आलो. पाल्याच्या पट्टीत काठी खुपसली तर वीतभर आत गेली, खाली ओल लागली. बोडक्या पट्टीत काठी आपटून परत आली. माती फिकट पडलीय. मला वाईट वाटू नये खरं तर, हाच माझा पुरावा आहे. पण वीस वर्षं ज्या मातीसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती मी स्वतःच्या हातानं उपाशी ठेवली. घरी आलो तर घास उतरेना. साळूनं दोनदा विचारलं काय झालं. मी सांगितलं, "बोडक्या पट्टीत जीव राहिला नाही." आणि ताट सारलं. तिनं त्यावर पुन्हा काही विचारलं नाही, बरं झालं.

१६ मे

घरी आलो. डोळ्यावर काळा चष्मा, डोक्यात राग. सोबतीला आलेला पुतण्या चार दिवस मोबाईलवर पडून होता.

घरात बघतो तर ज्वारीचं एक पोतं गायब. साळूला विचारलं तर म्हणते, "लागलं व्हतं येकाला." कुणाला? "हाय येक. तुमी डोळ्यात औषीद घाला." हिच्या कारभाराला हिशेब नाही. वर पायात काटा मोडलाय, लंगडतेय. कुठं फिरत होतीस विचारलं तर म्हणे शेतात. आपल्या शेतात काटेरी झाड कुठं आहे? पण तोंडावर हसू असं की जणू माझं नाही, हिचंच ऑपरेशन चांगलं झालंय.

दुपारी बिरदेव धनगर दारावरून गेला. त्याचा कळप आठवड्याभरापूर्वी खालच्या मुलखातून चरून परत आलाय. मला बघून उगाच दात काढले आणि म्हणाला, "सुभेदार, आता काय बी काळजी करू नगा." डोळ्याचं म्हणत असेल. या गावात माझ्या डोळ्याची बातमी माझ्या आधी पोचते.

२९ मे

आठ दिवस वळीव झोडपतोय. वर जायची सोय नाही. साळू दारात उभी राहून म्हणते, "आता मुरंल चांगलं." मी म्हटलं काय मुरेल? म्हणाली, "पानी." एवढं साधं सांगायला मागं वळून बघायचं काय कारण होतं कुणास ठाऊक.

२२ जून

मॅडम विद्यार्थी घेऊन आली. मी डॉक्टरला न विचारता वर चढलो.

बोडक्या पट्टीत गेलो आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बुंध्यांचे कोवळे फुटवे गायब! शेंडे खुडलेले, सगळे एका उंचीवर. पाल्याच्या पट्टीत मात्र फुटवे कमरेइतके. हे पृथ्वीराजच्या माणसांचं काम. मी महिनाभर खाटेवर पडलोय हे बघून आत शिरले. मॅडम वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "काका, कोयता नाही वाटत. जनावराचं तोंड लागलंय." मी म्हटलं, जनावरच ते, दोन पायाचं.

आणखी एक गोष्ट पटली नाही. बोडक्या पट्टीत हरळी चांगली काळीभोर हिरवी आलीय. पावसाचा जोर, दुसरं काय.

साळू मॅडमसाठी शेंगदाण्याची पोळी घेऊन वर आली होती. गुडघे दुखतात म्हणून ही देवळात जात नाही, आणि आज डोंगर चढली. मातीच्या पिशव्यांना हळदकुंकू लावायला निघाली, तेव्हा मी ओरडलो. मॅडमला हळूच विचारत होती, "बरी निघंल न्हवं माती?" मॅडम हसून म्हणाली, "मावशी, मातीच सांगेल."

६ ऑगस्ट

अहवाल आला.

बोडक्या पट्टीत कार्बन पाल्याच्या पट्टीपेक्षा बराच कमी. बरोबर. पण नायट्रोजन? बोडक्या पट्टीत सगळ्यात जास्त! पाल्याच्या पट्टीपेक्षा जास्त, न तोडलेल्या रानापेक्षाही जास्त.

मी तीनदा वाचलं. मग मॅडमला फोन लावला आणि नको ते बोललो. तुमच्या मशीनला अक्कल आहे का, इथपर्यंत गेलो. ती शांतपणे म्हणाली, "मी दोनदा तपासलंय, काका. हा नायट्रोजन त्या मातीचा नाही. बाहेरून काहीतरी आलंय. तिथं कुणी खत टाकलं का, ते बघा."

खत! आत्ता कळलं. फुटवे खुडणारा, खत टाकणारा, सगळा एकच माणूस. त्यानं युरिया फेकला आणि मला माझ्याच मातीकडून खोटं पाडलं.

साळू चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. आज आमटीत मीठ दोनदा पडलंय. मी बोललो तर रडायला लागली. मी बोललो ते आमटीवर, त्यात रडण्यासारखं काय होतं?

८ ऑगस्ट

अहवालाची एक प्रत भाऊसोकडे गेली होती. भाऊसोच्या घरात काही टिकत नाही. पृथ्वीराजनं तेवढं नायट्रोजनचं पान काढून गावभर वाटलं. वर मोठ्या अक्षरात: 'पाला काढल्याने जमीन सुधारते.' कार्बनचं पान कुठं गेलं? ते याला वाचता आलं नाही वाटतं.

मी त्याला पारावर गाठलं आणि सगळ्यांदेखत गचांडी धरली. म्हटलं, "युरिया कवा टाकलास? बोल!" फौज सोडून वीस वर्षं झाली तरी पकड तशीच आहे. तो पांढराफटक पडला. "तात्या, पोरांची शपथ, म्या तुमच्या पट्टीत पाय ठेवला न्हाई." मी म्हटलं, चोर शपथेवरच जगतो. लोकांनी सोडवलं. पण निम्मं गाव आता मानतंय की युरिया त्यानंच टाकला. मानलंच पाहिजे.

घरी आल्यावर साळूला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "उगाच कुनाला धरू नगा वं." हिला आता त्याचा पुळका!

१२ ऑगस्ट

काय लिहू? 

सकाळी बिरदेव आला. काखेत नवी घोंगडी. म्हणाला, "सुभेदार, ही तुमास्नी. वैनींनी ज्वारी लय चांगली दिली. आन आयकलं, पट्टी पयली आली म्हनं! म्हंजी माझ्या मेंढरांनी नाव राखलं."

मी विचारलं, कुठली मेंढरं?

त्यानं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं. मी मिरजेत असताना साळू त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर गेली. म्हणाली, धन्यानं अन्न टाकलंय, पट्टीत जीव न्हाई, तपासणी आलीय. मग त्यानं तीन राती अख्खा कळप बोडक्या पट्टीत बसवला. आमच्याकडं शेत खंगलं की हेच करतात. मेंढरं बसवायची, लेंडी-मूत जमिनीत जिरतं, ज्वारीचं पोतं धनगराला द्यायचं. ती पट्टी म्हणजे कुणाचं तरी खंगलेलं शेतच, असं समजून त्यांनी तिला जेवू घातलं. फुटवे मेंढरांनी खाल्ले. वळवानं लेंड्या मुरवल्या. आणि मी महिनाभर काळा चष्मा लावून बसलो.

मी घोंगडी अंगणात फेकली. बिरदेव बिचारा ती उचलून, झटकून निघून गेला. मग साळूवर तोंड सोडलं. दोन वर्षांचं काम मातीत घातलंस, असं ओरडलो. तिनं फुंकणी चुलीपुढं टाकली. मग एकदम उसळली.

"मला काय म्हाईत? तुमीच म्हनला तपासनी हाय. तुमीच म्हनला डोंगराचं सगळं तिच्यावर हाय. तुमी दगडाला चुना फासून पास व्हायचा, ते हसत सांगता. म्या मेंढरं बसवली तर पाप झालं व्हय?"

"ती पट्टी उपाशीच ठेवायची होती!"

"मग तसं बोलायचं हुतं की! बोर्डावर ल्ह्यायचं हुतं! तुमी जेवला न्हाई त्या राती. मला तेवढंच दिसलं."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही माझ्यावर पहिल्यांदा ओरडली.

१३ ऑगस्ट

साळू दिवसभर मागल्या दारी, मी पुढल्या. भाकरी झाली, मी खाल्ली.

मॅडमला फोनवर सांगितलं. तिनं तारखा, राती, मेंढरं किती, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बोडक्या पट्टीचा अहवाल मला मागं घ्यावा लागेल. पण कारण सांगूनच घेईन." मी म्हटलं, दोन दिवस थांब.

खरं सांगतो, मनात काय चाललंय ते. हे मला, साळूला, बिरदेवला आणि मॅडमला माहीत आहे. बिरदेवला गप्प करता येईल. पंधराला पृथ्वीराजनं पान फडकवलं की मी म्हणेन, युरिया. गाव माझ्यावर विश्वास ठेवेल. डोंगर वाचेल. नाहीतर काय सांगू? माझ्या बायकोनं मेंढरं बसवली, आता माझ्याकडं पुरावा नाही, घेऊन जा डोंगर? आणि अख्ख्या गावानं साळूला हसायचं?

तो हरामखोर आहेच. एक खोटा आळ त्याला जड नाही. ठरलं, युरियाच सांगायचं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. शाळेच्या मैदानावर सभा. पृथ्वीराजनं पान फडकवलं. मी उठलो, घसा साफ केला.

मी बोलायच्या आत बायकांच्या बाजूनं साळू उभी राहिली. पदर डोक्यावर. म्हणाली, "पृथ्वीराजनं काय बी टाकल्यालं न्हाई. मेंढरं म्या बसवली. ज्वारी दिऊन. ह्यांस्नी ठावं नव्हतं. पट्टी लय खंगली व्हती म्हून बसवली."

सगळे माझ्याकडं वळले. मग हसू फुटलं ते थांबेना. कुणीतरी ओरडलं, सुभेदाराच्या घरातूनच घुसखोरी! मला वाटलं जमीन दुभंगावी. साळू तशीच उभी होती, खाली बसली नाही.

हसणं ओसरल्यावर म्हातारी बनुबाई पुढं आली. हिचं आणि माझं चराईबंदीपासून वैर, वीस वर्षं बोलणं नाही. ती पृथ्वीराजला म्हणाली, "आरं लेका, म्हंजी पाला नेला की जमीन खंगती, आन मग मेंढरं बसवाय लागत्यात. आसंच ना? मग तू समदा डोंगर झाडून नेनार, तर मेंढरं कोन बसवनार? तू?"

बिरदेव मागून ओरडला, "येवढ्या डोंगराला मेंढरं बसवायची म्हंजी माजी हयात जाईल, आज्जे!"

या वेळचं हसणं वेगळं होतं. गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी पोतं देऊन मेंढरं बसवलीत. ज्याला कार्बन कळत नव्हता, त्यालाही हे कळलं. मॅडम उठून म्हणाली की हा अहवाल ती मागं घेतेय, आणि नवी पट्टी आखून पुन्हा मोजणार. भाऊसोनं विचारलं, खोडं तेवढी नेणार का? पृथ्वीराज म्हणाला, परवडत नाही, आणि कागद गोळा करायला लागला. या वर्षी काहीच विकायचं नाही, असं ठरलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार, हेही त्यानं जाताना सांगितलं.

मी त्याला फाटकापाशी थांबवलं. लोक बघत होते. हात जोडले आणि म्हटलं, "युरियाचं खोटं होतं. गचांडी धरली, चुकलं." इतकं कडू काही आजवर तोंडातून काढलं नव्हतं. तो म्हणाला, "तात्या, काकू उठल्या नसत्या तर तुमी हे बोलला असता?" मी फाटक उघडून दिलं. भोसडीचा बरोबर बोलला, म्हणून जास्त राग आला.

२४ ऑगस्ट

मॅडमनं पलीकडच्या अंगाला नवी बोडकी पट्टी आखली. तोडताना साळू बुंध्यावर बसून होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं: पाल्यात काय, खोडात काय, कार्बन कशानं टिकतो, ही पट्टी उपाशी का ठेवायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. ती ऐकून म्हणाली, "हे मे म्हैन्यात सांगितलं आसतं तर?" मी कोयत्याला धार लावायला घेतली.

नवा बोर्ड करायला घेतला. मी रंगात ब्रश बुडवून 'प्रवेश बंद' लिहायला लागलो, तर तिनं हात धरला. म्हणाली, "आदेश नगं. खरं काय ते ल्ह्या." मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो:

'या पट्टीतला पाला मुद्दाम नेला आहे. माती किती खंगते ते बघायचं आहे. कुणी हिची कणव करू नये. — साळूबाई जोतीराम'

माझं नाव खाली पाहिजे होतं, सुभेदार म्हणून. भांडलो, पण तिनं ऐकलं नाही. संध्याकाळी बिरदेवच्या वाड्यावर जाऊन घोंगडी मागून आणली. आता पाऊस नाही, थंडी नाही, तरी साळूनं ती माझ्या खाटेवर टाकलीय. मेंढराचा वास येतो. राहू दे.